न दिसणाऱ्या डोंगरांचा नकाशा

घोडेगावाहून डिंभ्यावरून भीमाशंकरकडे जाणारा रस्ता तळेघरावरून जातो, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. त्या मुलखातल्या माणसाला नकाशाची एक खोड चांगली माहीत असते. कागदावर दोन वाड्या बोटभर अंतरावर दिसतात. एकीतून मारलेली हाक दुसरीत ऐकूही जाते. पण मध्ये ओढ्याची खोल घळ असते, आणि चालत जावयाचे म्हटले की वळसा घालता घालता सकाळची दुपार होते. नकाशाने कागदावरचे अंतर बरोबर दाखविलेले असते. पायाला पडणारे अंतर मात्र त्याला दाखविता आलेले नसते.

आज आपणांस अशाच एका नकाशाची हकीकत सांगावयाची आहे. त्यातले डोंगर पृथ्वीच्या पाठीवर कोठेच नाहीत. तरी ते चढण्यासाठी शास्त्रज्ञांनी सारे आयुष्य वेचले, आणि आजचे संगणक ते रात्रंदिवस चढत असतात. या हकीकतीचा आरंभ अमेरिकेत झाला. पण तिच्यातली दोन मोलाची पाने पुण्यात लिहिली गेली आहेत, आणि ती लिहिणारा माणूस जुन्नरची लेणी पायी तुडविणारा होता.

प्रथम आरंभ पाहू. १९३२ साली अमेरिकेतील इथाका या गावी आनुवंशशास्त्राची सहावी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तेथे स्यूअल राइट नावाच्या शास्त्रज्ञाने एक निबंध वाचला आणि त्यासोबत एक चित्र दाखविले. आपल्या शाळेत भूगोलाच्या तासाला समोच्च रेषांचा नकाशा असतो ना, अगदी तसे. जवळ जवळ वर्तुळे असतील तेथे चढ उभा, दूर दूर असतील तेथे सपाटी. राइट यांनी शिखरांवर अधिकाची खूण केली होती आणि दऱ्यांत उण्याची. मात्र हा नकाशा जमिनीचा नव्हता. त्यातला प्रत्येक बिंदू म्हणजे जनुकांचा एक जुळणीसंच, आणि त्या बिंदूची उंची म्हणजे तो संच अंगी असलेल्या जिवाची तग धरून वंश वाढविण्याची योग्यता. निसर्गाची निवड जिवांना चढावर ढकलते, हे यावरून डोळ्यांना दिसावे, असा त्यांचा हेतू होता. या कल्पनेला पुढे ‘योग्यतेचा भूप्रदेश’ असे नाव पडले.

चित्र सुबक होते. अडचण संख्येत होती. आपण भाताचेच उदाहरण घेऊ. समजा, एका भाताचे वीस गुण वीस जनुकांवर अवलंबून आहेत आणि प्रत्येक जनुकाची दोनच रूपे आहेत. मग एकंदर वाण किती संभवतील? एका जनुकाचे दोन, दोन जनुकांचे चार, तिनांचे आठ, असे दुप्पट करीत गेलो की विसाव्या पायरीला १०,४८,५७६ होतात. प्रत्येक वाणाला एक गुंठा जागा दिली तरी सव्वीस हजार एकरांवर खाचरे लागतील. आणि हे झाले वीस जनुकांचे! राइट यांनी आपल्या निबंधात एक हजार जनुके आणि प्रत्येकाची दहा रूपे धरली होती. त्यांचे जुळणीसंच म्हणजे एकावर एक हजार शून्ये. सगळ्या दृश्य विश्वातले मूलकण मोजले तरी ती संख्या एकावर शंभर शून्यांच्या आतच राहते, असे त्यांनीच तेथे नमूद केले आहे.

पण मोठी संख्या ही त्यातली सोपी अडचण. खरी अडचण दिशांची आहे. खाचराच्या बांधावर उभे राहिल्यावर आपल्याला उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा दोनच वाटा असतात. तिसरी मिती उंचीची. वीस जनुकांच्या वाणाला मात्र वीस शेजारी असतात, कारण वीस जनुकांपैकी कोणतेही एक बदलले की शेजारचा वाण होतो. म्हणजे तेथे वीस दिशा झाल्या. वीस दिशांचा डोंगर दोन दिशांच्या कागदावर उतरवावयाचा तरी कसा?

या प्रश्नाला पुढे व्यवहारात महत्त्व आले ते संगणकामुळे. मिशिगन विद्यापीठातील जॉन हॉलंड यांनी १९७५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. जीवसृष्टीची ही रीत उचलून संगणकाकडून अवघड प्रश्न सोडवून घ्यावेत, अशी त्यांची योजना होती. तिला जनुकीय अल्गोरिदम म्हणतात. अल्गोरिदम म्हणजे पायरीपायरीने सांगितलेली कृती. ती समजावयास तळेघरचा आषाढ उपयोगी पडेल. दाट धुके उतरले आहे, दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. पायाखालची जमीन चढते की उतरते, एवढेच कळते. अशा वेळी एकटा माणूस चढ धरून निघाला तर बहुधा पहिल्याच टेपाडावर पोचेल, आणि चहूकडे उतार लागला की ‘हेच शिखर’ म्हणून बसून राहील. शेजारी मोठा डोंगर उभा असला तरी त्याला पत्ता लागावयाचा नाही.

हॉलंड यांनी एका ऐवजी शेकडो वाटसरू धुक्यात सोडले. उंचावर पोचलेल्यांनी आपापल्या वाटेची खूण सांगावयाची. एकाच्या वाटेचा पहिला अर्धा आणि दुसऱ्याच्या वाटेचा उरलेला अर्धा जोडून नवे वाटसरू तयार करावयाचे. अधूनमधून कोणाचे एखादे पाऊल मुद्दाम वाकडे टाकावयाचे. सखल जागी अडकलेल्यांना गाळून टाकावयाचे. असे पिढ्यान् पिढ्या चालले की पुष्कळदा चांगली उंच जागा सापडते. यंत्रांच्या भागांचे आकार, गाड्यांची वेळापत्रके, अशा कामांसाठी ही रीत आज वापरली जाते. आणि मग ती वापरणाऱ्यांना साहजिकच वाटते, की आपण कोणत्या मुलखात फिरतो आहोत ते एकदा डोळ्यांनी पाहावे. एकच मोठा डोंगर आहे, की नुसती खडबडीत टेपाडे? स्टुअर्ट कॉफमन यांनी १९८० नंतरच्या दशकात असे दाखविले की, प्रत्येक जनुकाचे काम स्वतंत्र असेल तर सारा मुलूख एका गुळगुळीत डोंगरासारखा असतो. जनुके जसजशी एकमेकांत गुंतत जातात तसतसा तो खडबडीत होत जातो.

आता चित्र कोठे दगा देते ते पाहू. वीस दिशांचा मुलूख कागदावर आणताना सर्वांत भाबडी युक्ती म्हणजे दोन दिशा ठेवावयाच्या आणि अठरा सोडून द्यावयाच्या. समजा, प्रत्येक वाणाची उंची चिठ्ठ्या टाकून ठरविली आहे. दोन दिशांच्या चित्रात वाणाला दोनच शेजारी दिसतात. तिघांत तोच उंच निघण्याचा संभव तिनांत एक. पण खरोखरीचे शिखर ठरण्यास तो विसांपेक्षा उंच हवा. त्याचा संभव एकविसांत एक. याचा अर्थ असा, की चित्रात दिसणाऱ्या सात शिखरांपैकी सरासरीने एकच खरे शिखर असते. उरलेल्या सहांवरून वर जाणारी वाट आहे. फक्त ती कागदाने सोडून दिलेल्या दिशांतून जाते. इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी राइट यांच्या चित्रावर याच धर्तीचा आक्षेप घेतला होता. दिशा जितक्या अधिक, तितके खरे शिखर विरळ आणि खिंडी पुष्कळ, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही पक्षांत तथ्य होते, आणि तो वाद पुढे कित्येक दशके चालला.

येथे आपल्या हकीकतीत पुणे येते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव आपण इतिहासकार म्हणून ऐकलेले असते. त्यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे आणि पालीचे नामांकित पंडित. दामोदररावांचे उच्च शिक्षण हार्वर्ड विद्यापीठात झाले; १९२९ साली ते पदवीधर झाले. १९३३ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ पर्यंत होते, आणि त्यासाठी पुण्याहून आगगाडीने मुंबईस जात येत. पोटापाण्याचा आणि मनाचाही मूळ विषय गणित; इतिहास त्यांनी गणिताच्या वाटेने गाठला. जुन्या नाण्यांची झीज मोजण्यासाठी त्यांनी हजारो नाणी तराजूत तोलली होती.

जनुकीय अल्गोरिदमचे नावही जन्मले नव्हते तेव्हा, १९४३-४४ च्या सुमारास, त्यांनी दोन छोटे निबंध प्रसिद्ध केले. वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण दोहोंचा प्रश्न एकच आहे: जे डोळ्यांना दिसत नाही त्याचा प्रामाणिक नकाशा कसा काढावा?

पहिला निबंध अंतराविषयी आहे. जनुके गुणसूत्रावर माळेतल्या मण्यांसारखी ओळीने असतात. आईबापांकडून बीज तयार होताना दोन गुणसूत्रे आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. जवळची दोन जनुके बहुधा बरोबरच राहतात, दूरची वेगळी होतात. तेव्हा किती संततीत ती वेगळी झाली हे मोजले, की त्यांमधले अंतर कळते. या युक्तीने अमेरिकेत स्टर्टव्हन्ट यांनी १९१३ साली फळमाशीच्या सहा जनुकांचा पहिला नकाशा काढला.

पण या मोजणीत एक गोम आहे. एक माणूस सकाळी घोड नदी ओलांडून पलीकडे गेला आणि संध्याकाळी परत आला. रात्री दोन्ही काठांवरची डोकी मोजणाऱ्याला तो होता तेथेच आढळणार. नदी दोनदा ओलांडली गेल्याचा त्याला मागमूसही लागणार नाही. तसेच येथे होते. दोन जनुकांमध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकत्रच दिसतात, आणि मोजलेले अंतर खऱ्यापेक्षा कमी भरते. १९१९ साली हॉल्डेन यांनी यावर एक सूत्र दिले. त्यात त्यांनी धरले होते की एका अदलाबदलीचा दुसरीवर काही परिणाम होत नाही. प्रत्यक्षात मात्र एके ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या लगतच दुसरी होण्यास अटकाव पडतो. दूर गेले की हा अटकाव ओसरतो. कोसंबींनी हा अटकाव हिशेबात धरून सूत्र बांधले. शंभरांत वीस संततीत जनुके वेगळी झालेली आढळली, तर हॉल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे साडेपंचवीस एकके येते, कोसंबींच्या सूत्राने सुमारे एकवीस. शंभरांत एकच वेगळी झाली असेल तर दोघांचे उत्तर जवळ जवळ एकच येते. थोडक्यात, जवळच्या गावांविषयी नकाशांत भांडण नसते, दूरच्यांविषयी असते.

हे सूत्र आज जगभर ‘कोसंबी’ याच नावाने चालते. भात, गहू, ज्वारी यांच्या जनुकांचे नकाशे काढणाऱ्या संगणकीय कृतींत ‘हॉल्डेन की कोसंबी’ असा पर्याय विचारलेला असतो. तो निवडणाऱ्यांपैकी किती जणांना हा गृहस्थ पुण्याचा होता हे माहीत असेल!

दुसरा निबंध १९४३ चा, भारतीय गणित संस्थेच्या नियतकालिकातला. त्याचा विषय दिशांची निवड. तो सोपा करण्यासाठी आपण पाऊस घेऊ. जून ते सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस. तळेघरात रोज पडलेला पाऊस मोजून लिहिला तर एका वर्षाचे १२२ आकडे होतात. म्हणजे ते वर्ष १२२ दिशांच्या मुलखातला एक बिंदू झाले. अशी पन्नास वर्षे मांडली तर पन्नास बिंदू. आता हे बिंदू सगळीकडे सारखे विखुरलेले असतील का? शेतकऱ्याला विचारा. तो म्हणेल, पावसाच्या तऱ्हा मोजक्याच. एक, सगळाच जास्त किंवा सगळाच कमी. दुसरी, लवकर आला की उशिरा. तिसरी, मध्ये खंड पडला की नाही. या तीन गोष्टी सांगितल्या की वर्ष बरेचसे कळते.

शेतकऱ्याच्या या शहाणपणाला कोसंबींनी गणिताचे रूप दिले. बिंदू ज्या दिशेने सर्वांत अधिक पसरले असतील ती पहिली दिशा, तिला काटकोनात राहून उरलेल्यांत सर्वांत अधिक पसारा असेल ती दुसरी, मग तिसरी. दिशा आपल्या लहरीने निवडावयाच्या नाहीत, त्या त्या सामग्रीतूनच काढावयाच्या. आकड्यांच्या यादीसाठी अशी कल्पना कार्ल पिअर्सन यांनी १९०१ साली मांडली होती. कोसंबींनी ती अखंड वक्ररेषांना, म्हणजे अगणित दिशांच्या मुलखाला लावून दाखविली. या रीतीचा मोठा गुण असा, की कागदावर काय आले याबरोबरच कागदाबाहेर किती राहिले, हेही मोजून सांगता येते. दोन दिशांत शंभरांपैकी ऐंशी हिस्से पसारा आला तर वीस हिस्से राहिला, हे चित्राखाली लिहिता येते. ज्या चित्राखाली हा आकडा नाही त्यावर विश्वास किती ठेवावा, हे वाचकांनीच ठरवावे.

आज जनुकीय अल्गोरिदम चालविणारे लोक वाटसरूंचे कळप कसे सरकतात ते पाहण्यासाठी बहुधा याच घराण्यातली रीत वापरतात. वाऱ्याचे भोवरे, चेहऱ्यांची छायाचित्रे, भूकंपाच्या लहरी, सर्वत्र ती लागते. पण जगातल्या पाठ्यपुस्तकांत तिला बहुधा कारुनेन आणि लोएव्ह या दोघांचे नाव दिलेले असते. त्या दोघांनी ती स्वतंत्रपणे, कोसंबींच्या नंतर काही वर्षांनी मांडली. महायुद्धाच्या धामधुमीत हिंदुस्थानातल्या नियतकालिकात छापलेला निबंध दूरवर पोचला नाही. अलीकडे मात्र काही अभ्यासक तिसरे नाव आठवणीने जोडू लागले आहेत. एका निबंधाचे नाव जगाच्या तोंडी, दुसऱ्याचे विस्मृतीत. आणि दोन्ही एकाच लेखणीचे.

या माणसाचा आणखी एक गुण येथे सांगितला पाहिजे. केवळ कागदावर त्यांचा भरवसा नव्हता. पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर त्यांनी हिंडून बारीक गारगोटीची प्राचीन हत्यारे वेचली, धनगरांच्या वाटा आणि गावकुसाबाहेरच्या देवींची ठाणी टिपून घेतली. जुन्नरच्या मानमोडी या देवीच्या नावाचा माग त्यांनी तेथल्या लेण्यांतील शिलालेखापर्यंत काढला. ‘मिथ अँड रिॲलिटी’ या १९६२ सालच्या ग्रंथात हे सारे आले आहे. जुन्या व्यापाराची वाट कोणती, हे त्यांनी नुसते नकाशावर पट्टी ठेवून ठरविले नाही; घाट कोठे चढतो आणि पाणी कोठे मिळते, हे पाहिले. पायाचे अंतर आणि कागदाचे अंतर यांतला फरक त्यांना दोन्हीकडून माहीत होता.

आता कोणी म्हणेल, हे सारे विद्वानांचे झाले. आमच्या खाचराशी याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो जिव्हाळ्याचा आहे. या नकाशात उंची म्हणजे योग्यता, असे आपण म्हटले. पण योग्यता कशाची, हे कोणी ठरवावयाचे? १९६६ साली फिलिपाइन्समधील संस्थेने ‘आयआर ८’ हे बुटके भात दिले. १९६८ साली आपल्याकडे ‘जया’ आले. खत दिले तरी हे भात लोळत नसे, आणि पीक भरघोस येई. अन्नधान्याच्या टंचाईत या वाणांनी देशाला मोठा हात दिला, यात शंका नाही. तेथे उंची म्हणजे एकरी उतारा. पण सह्याद्रीच्या माथ्यावरच्या कुटुंबाला भाताबरोबर गुरांसाठी पेंढाही हवा असतो, मुसळधार पावसात तग धरणारे रोप हवे असते, भाताला चव हवी असते. उंचीचे माप बदलले की डोंगरच बदलतो. एका नकाशात शिखरावर असलेला वाण दुसऱ्यात उतारावर सापडतो.

दुसरी गोष्ट वाटसरूंची. हॉलंड यांच्या रीतीत सगळे वाटसरू एकाच टेपाडावर येऊन बसले, तर वाटांची देवघेव करूनही नवे काही निघत नाही, कारण सर्वांच्या खुणा सारख्याच. नवी वाट सापडावयाची तर कोणी तरी दूर, सखल जागीसुद्धा, टिकून असावा लागतो. बियाण्याचेही तसेच आहे. ‘आयआर ८’ चा बुटकेपणा तैवानच्या एका जुन्या वाणातून आला. पुढे तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणारा, रोप खुरटविणारा एक विषाणूरोग आशियात फैलावला. त्याला तोंड देणारा गुण हजारो नमुने तपासल्यावर सापडला तो उत्तर प्रदेशातून नेलेल्या एका रानटी भाताच्या नमुन्यात. तो १९७६ च्या ‘आयआर ३६’ या वाणात आणला गेला. त्या रानटी भाताची उताऱ्यात गणना करावी अशी लायकी नव्हती. एकरी उताऱ्याच्या नकाशात तो दरीत होता. दरीतला म्हणून कोणी तो टाकून दिला असता, तर शिखरावरच्यांना वाट दाखवावयास कोणी उरले नसते.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. वर्गात समोच्च रेषांचा नकाशा शिकविताना मुलांकडून आणखी एक नकाशा करून घ्यावा. गावात आज कोणकोणती भाते पेरली जातात आणि आजोबा-आजींच्या आठवणीत कोणती होती, याची यादी करावी. मग प्रत्येक भाताला चार मापे लावावीत: उतारा, पेंढा, पावसात टिकणे आणि चव. प्रत्येक मापाने उंची ठरवून चार निरनिराळे नकाशे काढावेत, आणि एका नकाशातले शिखर दुसऱ्यात कोठे जाते ते मुलांना बोटाने दाखवू द्यावे. शेवटी त्यांना विचारावे, की ही चारही मापे एकाच कागदावर आणली तर काय सुटेल? उत्तर चुकले तरी चालेल. कोणताही नकाशा पुढे आला की त्यात काय दाखविले आहे याबरोबर काय सोडले आहे हेही विचारण्याची सवय मुलांना लागली, तर गणिताचा, भूगोलाचा आणि शेतीचा तास एकाच वेळी कारणी लागला म्हणावयाचा.